दिवा लागलेला होता

बोरटोला, ता. ब्रह्मपुरी
९ नोव्हेंबर १९५७

दादाजीभाऊ,

पत्राच्या सुरुवातीला सगळे सुखरूप आहेत असं लिहायची रीत आहे. ती आज मोडते. तुझे जावई, म्हणजे आमचे हे, चांद्याच्या जेलात आहेत. पंधरा दिवसांची सजा झाली.

घाबरू नकोस. चोरी नाही, मारामारी नाही. सायकल चालवली म्हणून.

आपल्या धिवरांच्या सायकली तुला ठाऊकच आहेत. मागे मासळीची टोपली, तिचं पाणी सारखं चाकावर गळतं, ब्रेकच्या रबराला बुळबुळ चढते आणि रबर धरत नाही. आठवड्याला नवं रबर कोण घालणार? म्हणून इथे सगळेच ब्रेक काढून ठेवतात आणि टाच घासून सायकल थांबवतात. त्या दिवशी टोपली मरळीनं भरलेली होती आणि बाजार गाठायची घाई होती. तलावाच्या पाळीवरून हे खाली सुटले, आणि उतार संपतो तिथे रुखमाबाई विळा घेऊन कापणीला चाललेली. टाच काही पुरली नाही. म्हातारीचा उजवा हात मोडला.

कोर्टात यांच्या नावाचा पुकारा झाला, ‘खुशाल हाजिर हो!’ साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. हे म्हणाले, “हो साहेब. अन् ब्रेक मीनंच काढले व्हते.” ब्रेकचं कुणी विचारलं होतं? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! साहेबांनी मान वर करून पाहिलं, आणि दंड होणार होता तिथे कैद झाली. सायकलही जप्त.

रुखमाबाईकडे गेले तर मला आधी रडू आलं. ती म्हणते, “हात माहा मोडला अन् तू काऊन रडून राह्यली? तो जेहलात बसून माहा हात जुडते का? माही कापणी कोण करन?” बोलणं खरं होतं. म्हणून सकाळी तिच्या जागी मी कापणीला जाते. मासळीचे वाटे पडतात तेव्हा पाण्यात उतरू न शकणाऱ्याचा एक वाटा आपले लोक वेगळा काढतातच, तो पंचांनी यंदा तिला लावून दिला. ती आपल्या जातीची नाही तरी कुणी हूं की चूं केलं नाही.

आता तुला विचारते. तू शेठची लॉरी चालवतोस, लायसनवाला आहेस. मोटारीखाली माणूस सापडलं तर किती सजा देतात? आणि आम्ही वर अपील करावं का? तुझ्या शेठच्या वकिलाला विचारून कळव. भाऊबीजेला तू आला नाहीस, नुसतं लुगडं पाठवलंस. ते नेसले नाही अजून. घरचा माणूस आत असताना नवं नेसवत नाही.

तुझी
गोकुळा


आल्लापल्ली
१८ नोव्हेंबर १९५७

गोकुळा,

पत्र पोचलं. जावयांचं वाचून वाईट वाटलं. पण तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही. रस्ता सगळ्यांचा असतो. ज्या गाडीला ब्रेक नाही ती गाडी रस्त्यावर आणू नये, मग ती सायकल असो की छकडा. कायदा टाचेला ब्रेक मानत नाही. अपिलाच्या नादी लागू नकोस. तारखा पडतील, बल्लारशा-चांद्याच्या चकरा होतील, आणि तोवर पंधरा दिवस संपलेलेही असतील.

मोटारीचं विचारतेस. मोटारीची गोष्ट वेगळी. मोटारवाल्याजवळ वकील असतो, सायकलवाल्याजवळ घंटी. ती वाजवावी आणि बाजूनं जावं.

वकिलाला विचारायला सवड नाही. बांबूची तोड सुरू झाली आहे, रोज लॉरी भरून बल्लारशाला न्यावी लागते. शेठचे चिरंजीव गुणवंतराव यंदा कामावर देखरेख करतात, त्यामुळे सुट्टीचं नावही काढता येत नाही. मोटारीचं पुन्हा विचारू नकोस. लुगडं नेस.

तुझा भाऊ
दादाजी


बोरटोला
५ डिसेंबर १९५७

रा. रा. दादाजी यांस,

हे सुटून घरी आले. चांद्याहून येताना सर्व्हिस मोटारीवर लटारू ड्रायव्हर होता. त्यानं यांना आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाला, “भाऊ, तुमचा साळा लय नशीबवान. त्याच्या लॉरीखाली जंगलखात्याचा डोमा गार्ड मेला अन् त्याले नुसता दंड. तोबी शेठनं भरला. तुमी म्हातारीचा हात मोडला तं पंधरा दिवस!” आणि हसला म्हणे.

यांनी मला दहा दिवस सांगितलं नाही. परवा जाळं विणता विणता तोंडातून निघालं.

दसऱ्यानंतरची गोष्ट. म्हणजे मी तुम्हाला मोटारीच्या सजेचं विचारलं तेव्हा तुम्हाला वकिलाकडे जायची गरजच नव्हती. उत्तर तुमच्याच अंगावर लिहिलेलं होतं. आणि तुम्ही मला ब्रेकचं प्रवचन दिलंत. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून!

डोमाची चूक होती, त्याच्या सायकलला दिवा नव्हता, असं कोर्टात ठरलं असं लटारू सांगत होता. सायकलवाला मोटारीवर आदळला तरी सायकलवाल्याची चूक, मोटार सायकलवाल्यावर आदळली तरी सायकलवाल्याचीच. मग मोटारवाल्याची चूक कधी होते ते एकदा कळवा, म्हणजे आम्ही तेवढ्यापुरते सावध राहू.

डोमाची बायको आहे म्हणे, मंगली नावाची. तिच्यासाठी तुम्ही काय केलंत? आमच्याकडे रुखमाबाईचा वाटा रोज तिच्या दारात जातो आणि हे स्वतः नेऊन देतात, मान खाली घालून. तुम्ही मंगलीच्या दारात एकदा तरी गेलात का?

लुगडं लटारूच्या मोटारीतूनच परत पाठवते आहे.

गोकुळा


आल्लापल्ली
१३ डिसेंबर १९५७

गोकुळा,

लुगडं मिळालं. त्यापेक्षा तू मला ‘तुम्ही’ लिहिलंस ते जास्त लागलं. आई गेल्यापासून मला एकेरी हाक मारणारं तुझ्यावाचून कुणी उरलेलं नाही.

ऐकलेलं सगळं खरं नसतं, आणि खरं असतं ते सगळं लिहिता येत नाही. मंगलीच्या दारात मी गेलो नाही. जाववत नाही. एवढंच समज आणि या विषयावर पडदा टाक.

दादाजी


बोरटोला
२१ डिसेंबर १९५७

भाऊ,

पडदा टाकत नाही. पण ‘तुम्ही’ मागे घेते, कारण रागाच्या भरात लिहिलं आणि लिहून झाल्यावर मलाच परकं वाटलं.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. यांनी हातातलं जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “दिव्याचं मले पटत नाई. जंगलातला गार्ड दिवेलागणीले बिनादिव्याचा सायकलवर बसनच नाई. तो काई मोटारीसाठी दिवा लावत नसते, अस्वलासाठी लावते.”

मला ते पटलं. इथे बाजाराच्या रस्त्यावर आमचे लोक दिवा चुकवतात, पोलीस दिसला की उतरून चालतात. पण रोज जंगलातून जाणारा माणूस तसं करणार नाही. जिवाची भीती कायद्याहून मोठी असते.

म्हणून एकच विचारते, दुसरं काही नको. डोमाच्या सायकलला दिवा होता की नव्हता? ‘होता’ किंवा ‘नव्हता’ एवढंच कार्डावर लिही. नव्हता असं लिहिलंस तर तुझं लुगडं परत मागवीन आणि संक्रांतीला नेसून तुझ्याकडे तिळगूळ घेऊन येईन.

तुझी
गोकुळा


आल्लापल्ली
३ जानेवारी १९५८

गोकुळा,

होता.

कार्डावर एवढंच लिहून टाकणार होतो. तीन कार्डं फाडली. मग हे पाकीट आणलं.

दिवा लागलेला होता. मला तो लांबून दिसत होता, कारण मी चाकावर नव्हतो, शेजारी बसलो होतो. लॉरी गुणवंतराव चालवत होते. त्यांना हौस होती आणि हातात लायसन नव्हतं. संध्याकाळ झाली होती, लॉरी रिकामी होती, आणि रिकामी लॉरी वळणावर उड्या मारते हे त्यांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, “छोटे शेठ, सायकल येऊन राह्यली, हळू घ्या.” ते म्हणाले, “तोच बाजूले होईल.” डोमा बाजूला झालाही होता. वळणावर लॉरी त्याच बाजूला गेली.

त्याच संध्याकाळी शेठनी मला घरात बोलावलं, खुर्चीवर बसवलं. याआधी मी त्यांच्या खुर्चीवर कधी बसलो नव्हतो. म्हणाले, “दादाजी, पोराचं आयुष्य बरबाद होईल. तुझं लायसन आहे, तुला नुसता दंड होईल, तो मी भरतो. तुला माणूस केला तो कुणी?” हे खरं आहे गोकुळा. बापू गेले तेव्हा मी जंगलात मोळ्या बांधत होतो. शेठनी लॉरीवर क्लीनर घेतलं, मोटार शिकवली, लायसन काढून दिलं. मी हो म्हटलं.

पण एका माणसाच्या जागी आपलं नाव देणं एवढंच ते असेल असं मला वाटलं होतं. कोर्टात वकील उभा राहिला आणि म्हणाला, सायकलला दिवा नव्हता, मयत बेफाम चालला होता, रस्त्याच्या मधोमध. साहेबांनी मला विचारलं, असंच झालं का? मी होकाराची मान हलवली. मंगली मागे भिंतीला टेकून बसली होती. दोष डोमाचाच ठरल्यामुळे तिला काही मदतही मिळाली नाही, आणि खात्यात तो दारू पिऊन चालवत असेल अशीही बोलवा उठली. तो माळकरी होता.

आता सांगून काय होणार? मीच खोटा ठरेन. लायसन जाईल, नोकरी जाईल, आत जावं लागेल. या मुलखात शेठच्या विरुद्ध बोलणाऱ्याला बांबू तोडायलाही कुणी ठेवत नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं. वाचून हे पत्र चुलीत घाल.

तुझा
दादाजी


बोरटोला
११ जानेवारी १९५८

भाऊ,

पत्र चुलीत घातलं. यांच्याशिवाय कुणाला वाचून दाखवलं नाही. ते पोलिसांकडे न्यावं असं एकदा मनात आलं होतं. पण बहिणीनं भावाचं पाकीट पुढे केलं आणि म्हणून खरं निघालं, असं मला नको. सांगायचं ते तू तुझ्या तोंडानं सांग.

तुला माणूस शेठनं केला म्हणतोस. मोटार शिकवली, हे मान्य. त्याचे उपकार जन्मभर फेड. पण फेडायला तुझी वस्तू दे, डोमाची कशाला देतोस? त्याचं नाव काय तुझ्या मालकीचं होतं?

माझ्या घरात एक माणूस असा आहे की त्यानं न विचारता आपला गुन्हा सांगितला. माझा भाऊ असा की त्यानं न केलेला गुन्हा अंगावर घेतला. दोघेही वेडेच. पण यांच्या वेडेपणात दुसऱ्या कुणाचं काही गेलं नाही. तुझ्या शहाणपणात मंगलीचं सगळं गेलं.

पहिल्या पत्रात मी तक्रार केली होती की सायकलीला एवढी सजा कशाला. ती तक्रार आता नाही. रुखमाबाईचा हात अजून सरळ होत नाही, तिला पाण्याची घागर उचलवत नाही. ते रोज बघते, आणि वाटतं, सजा झाली ती बरीच झाली. सजा कमी करा असं मी आता म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की तोच तराजू मोटारीलाही लावा. आणि तो लावायला सांगणारा माणूस या जगात एकच आहे, तो आल्लापल्लीला बसून बहिणीला पत्र चुलीत घालायला सांगतो आहे.

मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. खूप वाटते. तू आत गेलास तर माहेर म्हणून मी कुठे बघू? तरीपण जा. आधी मंगलीकडे जा, मग चांद्याला. नोकरी गेली तर इथे तलाव आहे, जाळं आहे, आणि यांना एक हात हवाच आहे.

हे सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहिते: “साळ्याले म्हणा, पंधरा दिवस काई लय नसते. आतमंदी झोप मातर लागते.”

तुझी
गोकुळा


चांदा
६ फेब्रुवारी १९५८

गोकुळा,

तुझं पत्र पंधरा दिवस सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडलो. रविवारी मंगलीकडे गेलो.

ती मोहाच्या झाडाखाली पातेरा झाडत होती. मला बघून झाडणं थांबवलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, दिव्याचं, गुणवंतरावांचं, खुर्चीचं. सांगताना मला वाटत होतं की ती रडेल, शिव्या देईल, अंगावर धावून येईल. तिनं पाला एका कडेला लोटला आणि म्हणाली, “हे मले काऊन सांगतं? मले तं ठाऊक हाय. दिव्यात तेल मीनंच घातलं व्हतं.”

मी म्हटलं, “बाई, माफ करा.”

ती म्हणाली, “जिथी खोटं बोलला तिथी जाऊन सांग. इथी सांगून काय व्हते?”

तिथून घरी न जाता थेट चांद्याला आलो. लॉरीची किल्ली मुनीमाजवळ देऊन आलो. काल साहेबांपुढे सगळं लिहून दिलं. साहेब म्हणाले, “तू तेव्हा खोटं बोललास की आता बोलतो आहेस?” मी म्हटलं, “तेव्हा. त्याची सजा द्या, पण लिहून घ्या.” त्यांनी लिहून घेतलं. फेरचौकशीचा हुकूम होईल म्हणतात. वळणाजवळच्या पाड्यावरच्या दोन बायकांनी लॉरी आणि दिवा पाहिला होता, त्या पण साक्ष देतील. तेव्हा त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

कोर्टातल्या कारकुनानं एक गोष्ट सांगितली, ती तुझ्यासाठी लिहितो. जावयांना लावलेलं आणि माझ्यावर लावलेलं कलम एकच आहे. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे गाडी हाकणं, मग चाकं दोन असोत की सहा. कायद्यात फरक नाही गोकुळा. त्या कलमाखाली कोण उभा आहे यावर सगळं ठरतं. जावयांच्या बाजूनं कुणी बोलणारा नव्हता, लॉरीच्या बाजूनं मी होतो.

शेठचा माणूस आज धर्मशाळेत येऊन गेला. गोड बोलला, मग कडू बोलला. मी सांगितलं, आता कागद माझ्या हातात नाही.

तुझा
दादाजी


बोरटोला
१५ फेब्रुवारी १९५८

भाऊ,

पत्र वाचलं आणि देवापुढे साखर ठेवली. मग यांना म्हटलं, माझा भाऊ जेलात जाणार म्हणून मी साखर वाटते, गावाला काय सांगू? हे म्हणाले, “खरं ते सांग.” यांना दुसरं येतंच कुठे?

शेठचा माणूस पुन्हा आला तर एकटा भेटू नकोस. तारीख कळव, आम्ही दोघं येतो. मंगलीलाही मी सोबत घेईन. ओळख नाही, पण करून घेईन.

तुझी
गोकुळा


चांदा
२ ऑगस्ट १९५८

गोकुळा,

निकालाच्या दिवशी नाल्याला पूर आल्यामुळे तुम्ही अडकलात ते कळलं. मंगली मात्र आली होती. दोन दिवस आधीच निघाली होती, बरीचशी पायी. हे पत्र मी जेलातून लिहितो आहे, इथल्या साहेबांनी परवानगी दिली.

गुणवंतरावांवर गुन्हा शाबीत झाला. मोठा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे संध्याकाळपर्यंत ते कोर्टातल्या बाकावर बसले, मधे घरून डबा आला तो खाल्ला, आणि कोर्ट उठल्यावर मोटारीत बसून गेले. वकिलानं सांगितलं की मुलगा तरुण आहे, घराणं प्रतिष्ठित आहे, पुढे संधी मिळावी. मला सरकारला खोटी माहिती दिल्याबद्दल दोन महिने, आणि लायसन रद्द.

तू चिडशील. मीही चिडलो. हात मोडला त्याचे पंधरा दिवस, खोटं बोललो त्याचे दोन महिने, आणि माणूस मारला त्याची एक दुपार. हा तराजू सरळ नाही. सरकारी वकिलांना विचारलं, वरच्या कोर्टात सजा वाढवून मागता येते का. येते म्हणाले. मंगलीच्या नावानं अर्ज मी इथूनच लिहून दिला आहे. त्यावर तिचा अंगठा सरकारी वकिलांनी घेतला. सुटलो की त्याच्या मागे लागणार आहे, मग कितीही वर्षं लागोत.

पण मला लिहायचं आहे ते दुसरंच. निकाल वाचून झाला तेव्हा सगळे उठले. मंगली उठली नाही. तिनं कारकुनाला विचारलं, “त्याच्या नावापुढं काय लिवलं?” कारकून म्हणाला, दंड लिहिला आहे बाई, गुणवंतरावांना. ती म्हणाली, “त्याच्या नाई. डोमाच्या.” कारकून घाईत होता, पण साहेबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि स्वतः वाचून दाखवलं: मयत डोमा याचा कोणताही दोष नव्हता. तो आपल्या बाजूनं चालला होता. दिवा लागलेला होता.

ती म्हणाली, “अजून एक डाव.” साहेबांनी पुन्हा वाचलं. गुणवंतरावांना ते बाकावर बसून ऐकावं लागलं.

मग पोलीस मला घेऊन निघाले. दारात ती उभी होती. तिनं पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “तुले किती?”

मी म्हटलं, “दोन महिने.”

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, “सुटला की घरी ये. जेवून जाजो.”

गोकुळा, तू रागावू नकोस. सुटल्यावर मी आधी तिच्याकडे जाईन आणि मग तुझ्याकडे येईन.

तुझा
दादाजी